बाराव्या दिवसाचा निगेटिव्ह रिपोर्ट

कंडोमशिवाय संबंध आल्याला बारा दिवस झालेत, लॅबचा एचआयव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, तरी घसा दुखतोय आणि अंगात कसकस आहे, असं तुम्ही म्हणता. 'निगेटिव्ह आली म्हणजे सुटलात' हा तुम्हाला मिळालेला सल्ला मला पटत नाही. इतक्या लवकरच्या टेस्टवर विसंबू नका. शिरेतलं रक्त घेऊन केलेली फोर्थ जनरेशन टेस्ट (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी, दोन्ही शोधणारी) साधारण 18 ते 45 दिवसांत लागण पकडते. बोटाला टोचून करतात त्या, फक्त अँटीबॉडी शोधणाऱ्या टेस्टला 90 दिवसही लागू शकतात. म्हणून 45 दिवसांनी एकदा आणि 90 दिवसांनी पुन्हा करा.

घशावरून मात्र काहीच ठरवू नका. मी यातून गेलोय. पहाटे उठून मोबाईलचा टॉर्च तोंडासमोर धरून घसा बघायचो, मानेतल्या गाठी इतक्या चाचपल्या की कातडी हुळहुळी झाली. शेवटच्या टेस्टपर्यंत सगळं निगेटिव्ह निघालं. असा ताप साध्या व्हायरलनेही येतो.

सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, टेस्ट मोफत होते. आधी समुपदेशक शांतपणे ऐकून घेतात, आणि गुप्तता पाळणं 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक आहे. जायचा धीर होत नसेल तर आधी 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, तोही मोफत आहे.

लागण रोखणारी औषधं घ्यायची तुमची वेळ गेली, पण दुसऱ्या कुणाचा प्रसंग कालपरवाचाच असेल तर थांबू नका: 72 तासांच्या आत ही औषधं (त्यांना पेप म्हणतात) सुरू करावी लागतात, 28 दिवस. आणि तुम्ही, तपासणी पूर्ण होईपर्यंत कंडोम वापरा, रक्तदान करू नका.