फॅशन डिझाइनच्या प्रवेशपरीक्षेसाठी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. माझी मुलगी फोंड्यात वाणिज्य शाखेतून बारावी करत असून, तिला निफ्टच्या (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या) चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाला जायचे आहे. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी नव्याने पुढे आणलेल्या गोव्याच्या पारंपरिक कुणबी साडीच्या चौकड्यांवरून तिने केलेली रेखाटने भरपूर आहेत. मात्र लेखी परीक्षेनंतर, दिलेल्या साहित्यातून ठरावीक वेळेत प्रतिकृती घडवण्याची जी चाचणी होते, तिचा सराव गोव्यात कोणाकडे करावा, हे आम्हांला कळत नाही. केवळ चित्रकला पुरेशी नाही, कापड हाताळता आलेच पाहिजे, असे मला मनापासून वाटते. निफ्टच्या नवी मुंबईतील खारघरच्या केंद्रात शिकलेल्या गोमंतकीयांनी, विशेषतः वाणिज्य शाखेतून गेलेल्यांनी, तयारी कशी केली आणि पहिल्या वर्षी कापड व साहित्यावर साधारण किती खर्च आला, हे कृपया कळवावे.