पेनड्राइव्हला कुलूप: बिटलॉकर की व्हेराक्रिप्ट?

कळफलक: ६४ जीबीचा पेनड्राइव्ह आहे. त्यावर करारपत्रं, पॅनच्या प्रती वगैरे ठेवायचंय. घरी विंडोज होम, ऑफिसात विंडोज प्रो, अधूनमधून मॅक. काय वापरावं?

शून्यएक: होममध्ये बिटलॉकर टू गो (पेनड्राइव्हला पासवर्डचं कुलूप लावणारी विंडोजचीच सोय) लावता येत नाही, पण प्रोवर लावलेला ड्राइव्ह होमवर पासवर्ड देऊन उघडतो. मॅकवर मात्र आपसूक उघडत नाही. त्यामुळे तुम्हाला व्हेराक्रिप्ट (विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालणारं कुलपाचं सॉफ्टवेअर) बरं. ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये (विंडोज आणि मॅक दोन्हीकडे लिहिता येणारी फाइल सिस्टीम) फॉरमॅट करा (जुन्या फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही) आणि त्यावर २० जीबीचा कंटेनर (कुलूपबंद पेटीसारखी एक मोठी फाइल) बनवा. कुलपासाठी एईएस हा एकच अल्गोरिदम पुरे, तीन-तीन अल्गोरिदम एकावर एक चढवून वेग तेवढा कमी होतो. कंटेनरच्या आतही एक्सफॅटच ठेवा, नाहीतर मॅकवर लिहिताना अडेल.

तळटीप (तिसरा सदस्य): एक मेख आहे. पोर्टेबल व्हेराक्रिप्टलाही विंडोजवर अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात, कारण ड्रायव्हर (विंडोजच्या गाभ्यात चालणारा छोटा प्रोग्रॅम) लोड करावा लागतो. ऑफिसच्या मशीनवर ते आधी तपासा.

आणि ड्राइव्हवर आधीपासून कुलपाविना असलेल्या फाइल्स कंटेनरमध्ये हलवून नुसत्या डिलीट करू नका. पेनड्राइव्हच्या आतला कंट्रोलर नवं लिखाण दुसऱ्याच ब्लॉकवर करतो, जुना मजकूर चिपवर राहू शकतो. कोऱ्या ड्राइव्हवरच सुरुवात करा.

शून्यएक: बरोबर. शिवाय डिसमाउंट न करता (म्हणजे व्हेराक्रिप्टमधून कंटेनर बंद न करता) ड्राइव्ह उपटला की आतली फाइल सिस्टीम बिघडू शकते. व्हेराक्रिप्टच्या टूल्समधून व्हॉल्यूम हेडरचा (कंटेनर उघडण्याची किल्ली असलेला भाग) बॅकअप घ्या, तो दुसरीकडे ठेवा. फाइल्सची प्रत वेगळी हवीच. हेडर म्हणजे फाइल्स नव्हेत.