मदत हवी आहे: ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) खरंच गेलंय का, आणि बदलायचं तर कसं?

पेट्रोल गाडी आहे. इंजिन तापलं की चालता चालता बंद पडतं, थंड झालं की काही घडलंच नाही अशा थाटात सुरू. बंद असताना स्कॅनरला ईसीएम सापडतच नाही, बाकीची मॉड्यूल्स (गाडीतले इतर कॉम्प्युटर) यू०१०० कोड, म्हणजे ईसीएमशी संपर्क तुटला, असं दाखवतात. सुरू झाल्यावर पी०६०६ (ईसीएमच्या प्रोसेसरमध्ये बिघाड) येतो. मेकॅनिकचा निकाल तयार: नवीन ईसीएम टाका. एवढ्यावरून मला पटत नाही.

बॅटरी १२.६ व्होल्ट, चार्जिंग १४.१. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात) ६ आणि १४ नंबर पिनमध्ये ६० ओहम मिळाले, म्हणजे कॅनच्या (मॉड्यूल्सना एकमेकांशी जोडणाऱ्या) वायरी तरी ठीक दिसतात (निदान थंड असताना). मेन रिले (ईसीएमला वीज देणारा स्विच) बदलला, फरक शून्य. अर्थिंगचा व्होल्टेज ड्रॉप लोडवर मोजायचा राहिलाय.

एखादा शॉर्ट झालेला सेन्सर ५ व्होल्टचा पुरवठा खाली ओढून ईसीएमला झोपवू शकतो ना? एकेक सेन्सर काढून बघू का?

आणि बदलायचंच ठरलं, तर त्याच पार्ट नंबरच्या जुन्या ईसीएममध्ये माझा डेटा क्लोन केल्यावर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) चावी ओळखतो का? की तापल्यावर सुटणारं सोल्डरिंग शोधून आहे तेच दुरुस्त करावं? स्वतः हे काम केलेल्यांनी कृपया सांगा.