मदत हवी आहे: घरकामगार बायकांचा सर्व्हे आणि काय-स्क्वेअर

नमस्कार. मी एम.ए. समाजशास्त्राला आहे, गणित दहावीनंतर सुटलं. प्रबंधासाठी घाटकोपर-विक्रोळी भागात घरकाम करणाऱ्या बायकांकडून फॉर्म भरून घेतले: किती घरं, पगार किती, भरपगारी सुट्टी मिळते का, संघटनेत नाव आहे का. सगळं एक्सेलमध्ये चढवून झालंय.

सरासरी, प्रमाण विचलन इथपर्यंत जमतं. पगारासाठी मध्यक घेतलाय, कारण चोवीस तास राहणाऱ्या दोघी-तिघींच्या पगारामुळे सरासरी एवढी चढते की बाकी कुणाच्याच हातात तेवढे पैसे पडत नाहीत.

अडलंय ते पुढे. संघटनेची सभासद असणं आणि सुट्टी मिळणं यांचा संबंध बघायचाय. मॅडम म्हणाल्या, काय-स्क्वेअर (दोन गोष्टींचा संबंध आहे का ते तपासणारी चाचणी) लाव. पण सॉफ्टवेअर उत्तरासोबत इशारा देतं: अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी. ही अपेक्षित संख्या कुठून येते?

दुसरं जास्त खातंय. एकीने दुसरीकडे नेलं, दुसरीने तिच्या जावेकडे, असा हा नमुना जमलाय. अशा नमुन्यावर पी-व्हॅल्यू (संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) लिहावी का? दोन घरांच्या मधला विसाव्याचा अर्धा तास या बायकांनी मला दिलाय. त्यांच्याबद्दल पोकळ विधान मला करायचं नाही.

घरी चालेल असं फुकट सॉफ्टवेअरही सुचवा.

प्रतिसाद १
समजा ८० जणी आहेत. त्यांतल्या २० सभासद, आणि सुट्टी एकूण १६ जणींना, म्हणजे पाचात एकीला. दोन्हींचा काही संबंध नसेल तर सभासदांतही पाचात एकीलाच मिळायला हवी, म्हणजे ४ जणींना. ही झाली अपेक्षित संख्या: आडवी बेरीज गुणिले उभी बेरीज, भागिले एकूण. इशारा या आकड्याबद्दल असतो, चौकटीत प्रत्यक्ष किती जणी आहेत त्याबद्दल नाही. दोन बाय दोनच्या तक्त्यात असं झालं तर फिशरची एक्झॅक्ट टेस्ट घ्या, ती लहान आकड्यांवरही चालते. जामोवी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात फ्रिक्वेन्सीजखाली ती मिळते.

प्रतिसाद २
जावा-जावा बहुतेक एकाच संघटनेत आणि एकाच सोसायटीत कामाला असतात, त्यामुळे त्यांची उत्तरं एकमेकींपासून स्वतंत्र धरता येत नाहीत. पी-व्हॅल्यूचं गणित तर ती स्वतंत्र आहेत असंच धरून चालतं. मी असते तर सभासद आणि बिगरसभासद यांच्या टक्केवारीतला फरक आधी लिहिला असता, पी-व्हॅल्यू त्यानंतर, तीही मर्यादा सांगून. वाक्य ‘या नमुन्यात’ असंच सुरू करा, ‘मुंबईतल्या घरकामगार’ असं नको. नमुना कसा निवडतात ते पाहायचं तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या अहवालातला नमुना-निवडीचा भाग वाचा. ते काम देवनारची आयआयपीएस (आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था) बघते, अहवाल मोफत उतरवता येतात. तिथे आधी वस्त्या निवडतात, मग घरांची यादी करून त्यातून घरं.

तुमच्या तक्त्याचे चारही आकडे इथे टाका, अपेक्षित संख्या मिळून काढू.