ॲडॅप्टर जोडलेला असूनही बॅटरी ७ टक्क्यांवर अडकली आहे: मदरबोर्ड बदलावा का?

पानगळ

नमस्कार. गेले आठ दिवस माझ्या लॅपटॉपची बॅटरी ७ टक्क्यांवर अडकली आहे. ॲडॅप्टर जोडला की लॅपटॉप सुरू होतो आणि चालतोही, पण टास्कबारवरच्या बॅटरीच्या चिन्हावर ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ असे दिसत राहते. ॲडॅप्टर काढला की पाच-सात मिनिटांत तो बंद पडतो. लॅपटॉप चार वर्षांचा असून त्यावर विंडोज १० आहे. ॲडॅप्टर मूळचाच, गोल पिनेचा आहे. त्यावर ६५ वॉट, १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर असे छापलेले आहे.

मी दुसऱ्या सॉकेटवर लावून पाहिले, लॅपटॉप अनेकदा बंद करून सुरू केला आणि एका दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनाही दाखवला. त्यांनी मल्टिमीटर लावून ॲडॅप्टरमधून १९.५ व्होल्ट येत असल्याचे मला दाखवले आणि ॲडॅप्टर चांगला आहे तेव्हा दोष मदरबोर्डमध्येच असणार, तो बदलावा लागेल, असे सांगितले. माझे भाषांतराचे सगळे काम याच लॅपटॉपवर चालते, त्यामुळे एवढा मोठा निर्णय घेण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

याच आठवड्यापासून लॅपटॉप कमालीचा मंद झाला आहे. साधी फाईल उघडायलाही मिनिटभर लागते. व्हायरससाठी पूर्ण तपासणी केली, काही सापडले नाही. हे दुखणे वेगळे असावे, पण लिहून ठेवते.

सरळरेषा

आपल्या वर्णनातली पहिली महत्त्वाची गोष्ट अशी की लॅपटॉप ॲडॅप्टरवर चालतो आहे. म्हणजे वीज मदरबोर्डपर्यंत पोहोचते आहे. अडले आहे ते बॅटरीत वीज भरण्याचे काम. ‘नॉट चार्जिंग’ ही स्थिती पुष्कळदा लॅपटॉपमधल्या नियंत्रक चिपने जाणूनबुजून ठरवलेली असते. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून ६० किंवा ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय अनेक लॅपटॉपमध्ये असते आणि ती सुरू असल्याचे विसरून लोक बॅटरी बदलून बसतात. आपली बॅटरी ७ टक्क्यांवर असल्यामुळे ते कारण येथे लागू होत नाही. दुसरे कारण तापमानाचे असते. शून्य अंश सेल्सिअसच्या खाली लिथियम-आयन सेल चार्ज केल्यास आत लिथियम धातूचा थर जमू लागतो, आणि साधारण ४५ अंशांच्या वर गेल्यास सेल लवकर झिजतो. म्हणून या दोन्ही टोकांना नियंत्रक चार्जिंग रोखतो. पण असे रोखणे काही तासांचे असते, आठ दिवस टिकत नाही.

तेव्हा आधी एक काम करावे. लॅपटॉप पूर्ण बंद करून ॲडॅप्टर काढावा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढावी आणि पॉवरचे बटण ३० सेकंद दाबून धरावे. यामुळे नियंत्रक चिपची अडकलेली अवस्था पुसली जाते. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमधल्या ‘बॅटरीज’ या गटात जाऊन एसीपीआय बॅटरीची नोंद काढून टाकावी आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. विंडोज ती नोंद आपोआप परत घालते. एवढे करूनही फरक पडला नाही, तर कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेला ‘बॅटरीरिपोर्ट’ हा पर्याय जोडून बॅटरीचा अहवाल काढावा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता असे दोन आकडे मिळतील. ते येथे कळवावेत.

आणि हे सर्व करण्यापूर्वी लॅपटॉप टेबलावर ठेवून बाजूने पाहा. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा खालचे आवरण फुगून लॅपटॉप डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगली आहे असे समजून त्याच क्षणी ॲडॅप्टर काढा. फुगलेली बॅटरी दाबू नये, तिला टोचू नये आणि तिला चार्ज करण्याचा प्रयत्नही करू नये.

पानगळ

तत्पर उत्तराबद्दल मनापासून आभार. लॅपटॉप सपाट बसतो, टचपॅडही जागच्या जागी आहे. बटण दाबून धरणे आणि नोंद काढणे हे दोन्ही उपाय केले, पण फरक पडला नाही. अहवालात मूळ क्षमता ४२,००० मिलिवॉट-तास आणि आजची पूर्ण क्षमता ३१,५०० मिलिवॉट-तास अशी दिसते.

सरळरेषा

म्हणजे बॅटरीत मूळच्या ७५ टक्के क्षमता शिल्लक आहे. चार वर्षांच्या वापरानंतर हा आकडा वाईट नाही. या आकड्यांवरून बॅटरी मेली आहे असे मी तरी म्हणणार नाही.

कारागीर

मी गेली अनेक वर्षे लॅपटॉप दुरुस्त करतो आणि आपल्या प्रश्नातला शेवटचा परिच्छेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लॅपटॉप मंद होणे आणि चार्जिंग थांबणे या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात सुरू झाल्या असतील, तर ती दोन दुखणी नसून एकच असण्याची शक्यता फार मोठी आहे. कृपया टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’ या पानावर प्रोसेसरचा वेग पाहा. तो काहीही केले तरी एक गिगाहर्ट्झच्या वर जात नसेल, तर मदरबोर्ड बदलण्याचा विचार बाजूला ठेवा.

याचे कारण थोडे सविस्तर सांगतो. गोल पिनेच्या पुष्कळ ॲडॅप्टरमध्ये दोन नव्हे, तीन जोडण्या असतात. बाहेरची नळी ऋण, आतली नळी धन, आणि नळीच्या मध्यभागी सुईसारखी एक बारीक पिन असते. त्या पिनेतून मुख्य वीज जात नाही. ॲडॅप्टर कोणता आहे आणि किती वॉटचा आहे, ही ओळख त्या पिनेतून लॅपटॉपला मिळते. काही रचनांमध्ये त्यासाठी ॲडॅप्टरच्या आत एक छोटी चिप बसवलेली असते. ही ओळख पटली नाही, तर समोरचा ॲडॅप्टर ६५ वॉट देऊ शकेल की ३०च वॉट, हे लॅपटॉपला कळत नाही. मग तो सावधपणे वागतो. बॅटरीत वीज भरणे थांबवतो, प्रोसेसरचा वेग खाली आणतो आणि मिळेल त्या विजेवर जेमतेम चालत राहतो. आपली दोन्ही लक्षणे यात नेमकी बसतात.

आता मल्टिमीटरच्या मापाबद्दल. त्या गृहस्थांनी मोजलेले १९.५ व्होल्ट खरेच असणार, पण ते माप आतल्या आणि बाहेरच्या नळीमधले आहे. ओळखीची तार तुटलेली असली तरी ते माप तसेच येईल. ही तार केबलमधली सर्वांत बारीक तार असते आणि पिनेच्या मागे, जिथे केबल रोज वाकते, तिथे ती सर्वांत आधी तुटते. बाहेरचे रबरी आवरण मात्र शाबूत दिसते. म्हणून नुसत्या व्होल्टेजवरून ॲडॅप्टर निर्दोष ठरवून मदरबोर्डवर ठपका ठेवणे मला मान्य नाही. अशी घाई झालेले लॅपटॉप माझ्याकडे आले आहेत आणि ॲडॅप्टर बदलताच ठीक झाले आहेत, हे सांगताना मला आजही वाईट वाटते, कारण त्या लोकांनी विनाकारण मोठा खर्च केलेला होता.

मल्टिमीटर लावताना एक काळजी मात्र अवश्य घ्यावी. त्याचे टोक मधल्या पिनेला आणि आतल्या नळीला एकाच वेळी टेकले, तर १९.५ व्होल्ट थेट ओळखीच्या चिपवर जातात आणि ती जळू शकते. तसे झाल्यास चांगला ॲडॅप्टरही अनोळखी होऊन बसतो.

आपण दोन गोष्टी कराव्यात. लॅपटॉप सुरू होत असताना ॲडॅप्टरचा प्रकार ओळखता आला नाही अशा अर्थाची सूचना येते का, ते पाहावे. ती येत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्यापूर्वी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन ॲडॅप्टरपुढे वॉटचा आकडा आहे की ‘अननोन’ असे लिहिले आहे, ते पाहावे. आणि त्याच कंपनीचा, त्याच पिनेचा, तितक्याच किंवा अधिक वॉटचा ॲडॅप्टर कोणाकडून तासाभरासाठी मागून घ्यावा. अधिक वॉटच्या ॲडॅप्टरने लॅपटॉपला अपाय होत नाही, कारण लॅपटॉप त्याला लागेल तेवढाच विद्युत्प्रवाह घेतो. व्होल्टेज मात्र तेच असले पाहिजे.

मध्यबिंदू

माझ्या लॅपटॉपला हाच त्रास होता. मी थ्रॉटलस्टॉप नावाचे सॉफ्टवेअर घालून त्यातला ‘बीडी प्रोकहॉट’ हा पर्याय बंद केला आणि वेग लगेच पूर्ववत झाला. ॲडॅप्टर शोधत बसण्यापेक्षा हा उपाय सोपा आहे.

कारागीर

त्या उपायाने वेग परत येतो हे खरे आहे, पण बॅटरी त्यामुळे चार्ज होत नाही, कारण चार्जिंगचा निर्णय वेगळा नियंत्रक घेत असतो. शिवाय त्या पर्यायातून मदरबोर्ड प्रोसेसरला ‘वेग कमी कर’ असा संकेत देतो, आणि तो संकेत केवळ ॲडॅप्टरसाठी नसतो. मदरबोर्डचे इतर भाग तापले तरी तोच संकेत जातो. तो कायमचा बंद ठेवणे म्हणजे धोक्याची घंटा काढून ठेवणे होय. अगदी अडलेले काम पूर्ण करण्यापुरते एखाद्या दिवशी केले तर मी समजू शकतो, पण त्याला दुरुस्ती म्हणू नये, ही कळकळीची विनंती.

पानगळ

कारागीर, आपले म्हणणे तंतोतंत खरे ठरले. प्रोसेसरचा वेग ०.७८ गिगाहर्ट्झवर खिळलेला होता. बायोसमध्ये ॲडॅप्टरपुढे ‘अननोन’ असे लिहिलेले होते; सुरू होताना येणारी सूचना मी इतके दिवस न वाचताच पुढे ढकलत होते. काल सहकाऱ्याकडून त्याच कंपनीचा ९० वॉटचा ॲडॅप्टर मागून आणला. तो जोडताच बॅटरीच्या चिन्हावर चार्जिंग दिसू लागले, वेगही त्याच क्षणी वाढला आणि दोन तासांत बॅटरी ८८ टक्क्यांवर गेली. माझा जुना ॲडॅप्टर परत लावून पिनेजवळची केबल एका बाजूला वाकवून धरली, तर क्षणभर चार्जिंग सुरू होते आणि सोडली की थांबते.

कारागीर

ऐकून फार समाधान वाटले. केबल वाकवल्यावर चार्जिंग सुरू होते, यावरून तुटलेली जागा ॲडॅप्टरच्या बाजूला, पिनेलगत आहे हे सिद्ध झाले. मात्र केबल चिकटपट्टीने वाकवून बांधून काम चालवू नका. आत तुटलेल्या तारा एकमेकींना जेमतेम टेकत असतील, तर त्या जागी रोध वाढतो आणि उष्णता निर्माण होते. मुख्य तारांच्या बाबतीत असे झाल्यास आवरण वितळू शकते. पिन हाताला गरम लागली तर तो ॲडॅप्टर त्याच दिवशी बाजूला ठेवावा.

हाच अनुभव ज्यांना दुसऱ्या, चांगल्या ॲडॅप्टरवरही येईल, त्यांनी लॅपटॉपच्या बाजूचा जॅक तपासून घ्यावा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये हा जॅक छोट्या वायरसह मदरबोर्डपासून वेगळा असतो आणि खालचे आवरण उघडून, डाख न देता बदलता येतो. जॅक थेट मदरबोर्डवर बसवलेला असेल तर डाख तुटलेला असू शकतो. ते काम कुशल हाताचे आहे, पण तेही संपूर्ण मदरबोर्ड बदलण्याइतके मोठे नाही.

मध्यबिंदू

आपले म्हणणे पटले, मी तो पर्याय पुन्हा सुरू केला आहे. एक जोडप्रश्न विचारतो. माझ्या बहिणीचा लॅपटॉप टाईप-सी चार्जरवर चालतो आणि तोही चार्ज होत नाही. त्या चार्जरच्या टोकाला मल्टिमीटर लावला तर शून्य व्होल्ट येतात. म्हणजे तो चार्जर गेला असे समजावे का?

सरळरेषा

तेवढ्यावरून तसे समजू नये. दोन्ही टोकांना टाईप-सी असलेल्या जोडणीत, समोर उपकरण आहे हे कळेपर्यंत चार्जर मुख्य तारेवर वीज सोडतच नाही. त्यामुळे मोकळ्या टोकावर शून्य दिसणे हेच योग्य आहे. उपकरण जोडले की आधी ५ व्होल्ट मिळतात आणि मग चार्जर व लॅपटॉप यांच्यात देवाणघेवाण होऊन ९, १५ किंवा २० व्होल्ट ठरतात.

अशा वेळी आधी केबल बदलून पाहावी. साधी टाईप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच चालते, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॉट. त्याहून अधिक लागत असेल, तर ५ अँपिअरची, आत ओळख-चिप असलेली केबल लागते. फोनसोबत आलेल्या केबलवर लॅपटॉप चार्ज होत नाही, अशा तक्रारींमागे काही वेळा हेही कारण असते. लॅपटॉपला दोन टाईप-सी पोर्ट असतील तर दुसऱ्या पोर्टवरही लावून पाहावे, कारण प्रत्येक पोर्ट चार्जिंगसाठी असतोच असे नाही.

पानगळ

नवा ६५ वॉटचा ॲडॅप्टर आज आला. बायोसमध्ये आता ‘अननोन’च्या जागी ६५ वॉट असे दिसते. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांना मी मधल्या पिनेची गोष्ट सांगितली; त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि माझा जुना ॲडॅप्टर कापून पाहण्यासाठी मागून घेतला. पिनेच्या मागे बोटभर अंतरावर बारीक तार तुटलेली निघाली, बाकीच्या दोन्ही शाबूत होत्या.