उसण, ‘कट्’ असा आवाज आणि तीन डबे: मणक्याच्या उपचाराचे किती मनावर घ्यावे?

जांभा (राजापूर) :

चैत्र सरताना बागेतून आंब्याच्या पेट्या टेम्पोत चढवत होतो. एक पेटी उचलता उचलता अंग वळवले आणि कमरेत अशी उसण भरली की पेटी हातात आणि मी वाकलेला, असाच काही क्षण उभा राहिलो. आमच्या वाडीत अशा वेळी पायाळू माणसाला बोलावतात. शेजारचे पायाळू काका आले, त्यांनी पाठीला पाय लावला, चहा घेतला आणि गेले. मला उतार पडला नाही, म्हणून आठवडाभराने शहरातल्या एका मंगल कार्यालयात भरलेल्या मणका तपासणीच्या शिबिरात गेलो. तेथील कायरोप्रॅक्टरने, म्हणजे हाताने मणक्यांवर उपचार करणाऱ्याने, मला कुशीवर निजवून, वरचा गुडघा पोटाकडे घेऊन कमरेला एक झटका दिला. कट् असा आवाज झाला, आणि त्या दिवशी मी एसटी स्टँडपर्यंत सरळ चालत गेलो, हे मी लपवणार नाही.

माझा वाद त्यानंतर जे झाले त्याच्याशी आहे. भिंतीवरच्या रंगीत चित्रावर बोट ठेवून मला सांगण्यात आले की कमरेचे दोन मणके ‘सरकलेले’ आहेत, ते जागेवर टिकवायचे तर तीन महिन्यांत चोवीस बैठका घ्याव्या लागतील, शिवाय ढब सुधारण्यासाठी पट्टा बांधावा लागेल आणि कॅल्शियम, ग्लुकोसामाइन व कोलॅजेन असे तीन डबे सहा महिने चालू ठेवावे लागतील. एकूण आकडा ऐकून मी तो मनातल्या मनात पेट्यांमध्ये मोजला, आणि मोजता मोजता पुन्हा कमर धरली.

या विद्येचा उगम मी नंतर वाचला. १८९५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी, डॅनियल डेव्हिड पामर याने एका बहिऱ्या झाडूवाल्याच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असा दावा केला. जागचा हललेला मणका, म्हणजे त्यांच्या भाषेत सबलक्सेशन, हेच बहुतेक सर्व रोगांचे मूळ आहे, असा सिद्धांत त्याने त्यावर उभा केला. पाठीच्या मणक्याचा आणि कानाच्या नसेचा संबंध कोणी उलगडून सांगेल तर ऐकायची माझी तयारी आहे. तोवर माझे मत असे की हाताने होणारा उपचार वेगळा आणि त्याच्या जोरावर विकली जाणारी कथा वेगळी. पहिल्याला पैसे द्यावेत, दुसरीला देऊ नयेत.

रापणकार (मालवण) :

जांभा, तुमच्या लिहिण्यातला उपहास मला अन्यायाचा वाटतो, कारण ज्याच्या हाताने तुम्हाला चालते केले त्यालाच तुम्ही पायाळू काकांच्या रांगेत बसवत आहात. मी वीस वर्षे रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढला आहे. वाळूत टाच रुतवून, कंबर मागे टाकून ओढण्याने पाठीचे काय होते ते मला कोणी चित्रावर दाखवायची गरज नाही. गेल्या वर्षी एका दवाखान्यात तीन तास बसलो, पाच मिनिटांत तपासणी झाली आणि वेदनाशामक गोळ्यांची चिठ्ठी हातात पडली. त्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर जठराला आणि मूत्रपिंडाला काय सोसावे लागते, यावर आपल्याकडे धागे निघत नाहीत.

त्याउलट कायरोप्रॅक्टरने मला अर्धा तास दिला, दोर ओढताना मी कंबर वळवतो की पाय हलवतो हे विचारले आणि ते करून दाखवायला लावले. चार बैठकांत मी पुन्हा किनाऱ्यावर उभा राहिलो. आणि हा केवळ माझा अनुभव नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली कंबरदुखीसाठी आधी औषधाविना असलेले उपाय करावेत असे सांगितले, आणि त्यांत शेक व मालिश यांच्या जोडीला मणक्याचा हस्तोपचारही आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या मार्गदर्शनात जुनाट कंबरदुखीच्या उपायांत त्याला स्थान दिले आहे. १८९५ साली कोणी काय बरळला यावरून आजच्या उपचाराची किंमत ठरवायची, तर मग रक्त काढून ताप उतरवणाऱ्या जुन्या डॉक्टरांचे काय करायचे?

वाशिष्ठी (चिपळूण) :

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रापणकार, तुम्ही सांगितलेली दोन्ही मार्गदर्शने खरी आहेत, पण २०१७ च्या दस्तऐवजात तीव्र, म्हणजे नुकत्याच सुरू झालेल्या, कंबरदुखीवरच्या हस्तोपचाराचा पुरावा कमी दर्जाचा असल्याचेही नमूद आहे, आणि २०२३ च्याच मार्गदर्शनात कमरेचे पट्टे व ताण देण्याची यंत्रे नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, असे सांगितले आहे. जांभा यांच्या गळ्यात मारलेला पट्टा तेथेच बाद होतो. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शने काढणाऱ्या नाइस या संस्थेने २०१६ साली हस्तोपचाराला परवानगी दिली ती व्यायामाच्या सोबतीनेच. नुसते आडवे पडून कोणाच्या तरी हातून कटकट काढून घेणे म्हणजे उपचार पूर्ण झाला, असे तेथे कोणी म्हटलेले नाही.

आता त्या आवाजाविषयी. मणक्यांच्या सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. झटक्याने सांध्यातील दाब एकदम उतरतो, द्रवात विरघळलेला वायू पोकळी करतो आणि आवाज येतो. बोटे मोडताना होते तेच. त्या आवाजात कोणताही मणका जागेवर ‘बसत’ नाही, कारण तो सरकलेला नसतोच. खरोखर सरकलेला मणका क्ष-किरणात दिसतो आणि त्याला झटका देणे हा वेडेपणा ठरतो. तरीही स्नायूंचा ताठरपणा आणि वेदनेची जाणीव काही काळ कमी होते, हे मी रोज पाहते; त्यामुळे जांभा यांचे एसटी स्टँडपर्यंत चालत जाणे मला खरे वाटते. अर्थात बहुतेक उसणी काही आठवड्यांत आपोआपही ओसरतात, म्हणून पायाळू काकांची कीर्तीही टिकून आहे.

चित्रे दाखवून घाबरवण्याबद्दल मला खरा राग आहे. पाठ न दुखणाऱ्या माणसांच्या तपासण्यांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या (डिस्क) झिजलेल्या दिसतात. केस पिकतात तशा चकत्या झिजतात. ढबीचेही तसेच आहे: भातलावणीला चार तास ओणवी राहणारी बाई आणि काजू कारखान्यात उकिडवी बसणारी बाई, या दोघींना ‘ताठ बसा’ हा सल्ला निरुपयोगी आहे. त्यांना दर अर्ध्या तासाने उठून कंबर मागे वाकवता यावी, एवढी सवड कामात हवी.

मानेला झटका मात्र कोणाकडूनही घेऊ नका. क्वचित का होईना, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून चिरल्याची आणि पक्षाघात झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. आणि पाय लुळा पडणे, बैठकीची जागा बधिर होणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे यांपैकी काहीही झाले तर शिबिराची वाट न पाहता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.

सुरुबन (दापोली) :

डब्यांची एवढी टिंगल नको. माझी आई रोज मासे खाते, ऊनही खाते, तरी तिचे ड जीवनसत्त्व अगदीच खाली निघाले. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी आठ आठवडे दिली, आणि जिना चढताना तिला होणारा त्रास कमी झाला. कॅल्शियमसाठी डब्याऐवजी ‘नाचणी खा’ म्हणणे सोपे आहे. दात गेलेल्या बाईला किती भाकरी जाणार?

जांभा (राजापूर) :

सुरुबन, तुमच्या आईंचे झाले ते रक्त तपासून, मात्रा ठरवून, मुदतीत केलेले औषधपाणी. मला मिळालेला सल्ला तपासणीवाचून होता, आणि डब्यावर तर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे बारीक अक्षरात छापलेले आहे, कारण तो परवान्याने अन्नच ठरतो. ड जीवनसत्त्व चरबीत साठते. मनाने घेत राहिले तर रक्तातील कॅल्शियम वाढते, आणि ते मूत्रपिंडाला महागात पडते. प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते असे राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, आणि शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात त्यातले साडेतीनशेच्या आसपास मिळते. दात नसतील तर आंबील आहे. काट्यासकट खाल्लेली मांदेली आणि जवळ्याची चटणी वेगळीच.

ग्लुकोसामाइनची तर मौजच आहे. ते बहुधा कोळंबी-कुर्ल्यांच्या कवचांपासून काढतात, म्हणजे आपण बंदरावर टाकून दिलेली साले डब्यात भरून आपल्यालाच परत विकली जातात; ज्याला कोळंबीची ॲलर्जी आहे त्याने तर सावधच राहावे. नॉर्वेत २५० कंबरदुखीच्या रुग्णांना सहा महिने ते देऊन पाहिले. २०१० साली निकाल आला, आणि औषध नसलेल्या नुसत्या भुकटीच्या गोळीपेक्षा त्याचा अधिक उपयोग दिसला नाही.

रापणकार, एक मात्र मान्य करतो. पाच मिनिटांची तपासणी आणि गोळ्यांची चिठ्ठी यांची बाजू मी कधीच घेतली नव्हती, आणि माणूस शिबिराकडे वळतो तो तेथूनच, हे मी आधी लिहायला हवे होते.

रापणकार (मालवण) :

मान्य केलेत, पुरे. वाशिष्ठीताई, माझी पाचवी बैठक शनिवारी आहे आणि मी जाणार आहे. मात्र मानेला हात लावायचा नाही, हे त्याला आधीच सांगेन. तुम्ही सांगता तो व्यायाम कोणता, तेवढे येथे सविस्तर लिहा. किनाऱ्यावर आम्ही तीसजण दोराला असतो, आणि कंबर सगळ्यांचीच दुखते.