मदत हवी आहे: फोर व्हील ड्राइव्ह चढते, पण बर्फात थांबत नाही. टायर कोणते घ्यावेत?

नमस्कार मंडळी,

हिवाळ्याच्या टायरांबद्दल सल्ला हवा आहे. नुसतं "चांगले टायर सुचवा" म्हटलं तर सांगणाऱ्यालाही काही धरायला मिळत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

गाडी चासीवर बांधलेली, डिझेल, वजन सव्वादोन टनांच्या आसपास. फोर व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम आहे, म्हणजे एरवी जोर मागच्या चाकांना आणि लिव्हर टाकला की चारही चाकांना. मध्ये डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअररचना) नाही. सध्याचे टायर ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे, २६५/६५ आर १७ (२६५ ही मिलिमीटरमधली रुंदी). बाजूवरचे शेवटचे चार आकडे ३५२०, म्हणजे २०२० सालच्या ३५व्या आठवड्यात बनलेले. नक्षी मोजली तर ५ मिलिमीटर उरली आहे. बाजूवर 'एम+एस' लिहिलंय, पण डोंगराच्या चित्रातला हिमकण कुठे दिसत नाही.

रस्ता एका बाजूने ३२ किलोमीटर, त्यातले शेवटचे ११ घाटाचे. चार महिने बर्फ असतो. मी डायलिसिस विभागात काम करते. रुग्ण ठरलेल्या वेळी मशीनवर लागतात, त्यामुळे "आज रस्ता बरा नाही, उद्या येते" असं म्हणायची सोय नाही. पहाटे सव्वापाचला निघते, बर्फ सारणारं यंत्र तोवर आलेलं असेलच असं नाही. परतताना अंधार पडलेला असतो.

गेल्या हिवाळ्यात परतताना उतारावर, डाव्या वळणाआधी, वेग ३५च्या आसपास होता. फोर-हाय (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगासाठीचा) टाकलेलं, तिसरा गिअर. ब्रेकवर पाय ठेवला, एबीएस थडथडलं आणि स्टिअरिंग वळवलेलं असूनही गाडी सरळच गेली. रस्त्याकडेला सारलेल्या बर्फाच्या ढिगात घुसून थांबली. बंपर मोडला, मला काही झालं नाही. पण तसाच ढीग पुढच्या दोन वळणांवर नव्हता, तिथे थेट दरी आहे. त्या रात्री घरी पोचल्यावर हात बराच वेळ थरथरत होते.

मनातून जात नाही ती गोष्ट ही, की त्याच दिवशी सकाळी हाच चढ गाडी एकदाही न घसरता चढली होती. त्यावरूनच मी धरून चालले, की पकड चांगली आहे.

आता टायर बदलायचेच आहेत. एका टायरवाल्याने सांगितलं, "फोर बाय फोरला हिवाळी टायर लागतच नाहीत." दुसरा म्हणाला, मागे दोन टाका, पुरे. नवऱ्याचं म्हणणं मड-टेरेन घ्यावेत, मोठ्या गोट्यांचे (नक्षीतल्या रबरी ठोकळ्यांचे), ते बर्फ उकरून काढतात. मला स्वतःला हिमकणाचं चिन्ह असलेले ऑल-टेरेन घ्यावेत असं वाटतंय, म्हणजे वर्षभर तेच चालतील. हा विचार बरोबर आहे का? आणि रुंदी आहे तीच ठेवावी की कमी करावी? चेन गाडीत आहे, पण रोज पहाटे अंधारात चेन लावणं जमणारं नाही.

ज्यांनी खरोखर असा रस्ता रोज केला आहे त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

ताई, थोडक्यात वाचलात. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय: सकाळी चढली, रात्री थांबली नाही.

फोर व्हील ड्राइव्ह इंजिनाचा जोर दोनऐवजी चार चाकांत वाटतं, म्हणून गाडी जागची हलते आणि चढते. ब्रेक मात्र साध्या गाडीलाही चारही चाकांना असतातच. त्यामुळे थांबताना आणि वळताना तुमच्याकडे शेजारच्या छोट्या गाडीपेक्षा जास्त काहीच नसतं. तिथे रस्त्याला धरणारे फक्त चार टायर, प्रत्येकी तळहाताहून थोडा मोठा तुकडा.

हिशोब करून बघा. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला तर ५० किलोमीटर वेगावरून पूर्ण ब्रेक मारून गाडी साधारण १२ मीटरांत थांबते. दबलेल्या बर्फावर ०.२५ धरा, ३९ मीटर. काचेसारख्या बर्फावर ०.१ धरा, ९८ मीटर. यात वजन कुठेच येत नाही, म्हणून "जड गाडी बर्फाला घट्ट धरते" या समजुतीवर विसंबू नका. वेग मात्र वर्गाने येतो. त्याच दबलेल्या बर्फावर ३० वरून १४ मीटर पुरतात.

आता टायर. आपण सगळ्यालाच 'बर्फ' म्हणतो, पण टायरच्या दृष्टीने ते तीन वेगळे पदार्थ आहेत: ताजा भुसभुशीत, गाड्यांनी दाबून कठीण केलेला, आणि पाणी गोठून झालेला काचेसारखा. ताज्यात रुंद खाचा लागतात. खाचांत बर्फ भरून दाबला जातो, आणि बर्फ बर्फाला चांगला धरतो. दबलेल्यावर आणि काचेवर काम करतात त्या गोट्यांवरच्या बारीक चिरा, सुरीने कापल्यासारख्या, आणि थंडीत मऊ राहणारं रबर. साधं रबर थंडीत ताठरतं. बहुतेक उत्पादक ७ अंश सेल्सियस ही खूण सांगतात, त्याखाली हिवाळी रबर सरस ठरू लागतं.

म्हणून आधी हे सांगा: तुमच्या घाटात यातला कुठला बर्फ जास्त असतो? टायर त्यावर ठरेल, गाडीवर नाही.

प्रतिसाद २

दोन टायरांचा सल्ला कृपया मानू नका. मागे हिवाळी आणि पुढे जुने म्हणजे गाडी आणखी सरळ जाईल, जशी त्या रात्री गेली. उलट केलंत तर उतारावर मागचा भाग फिरून पुढे येईल. शिवाय पार्ट-टाइम गाडीत फोर-हाय टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. पुढच्या-मागच्या टायरांचा घेर वेगळा असेल तर तो फरक ट्रान्सफर केस (पुढे-मागे जोर वाटणारी पेटी) आणि गिअर सोसत राहतात. चारही टायर एकाच मॉडेलचे, एकाच झिजेचे हवेत.

प्रतिसाद ३

मी हिमकणवाले ऑल-टेरेन चार हिवाळे वापरले, तक्रार नाही. ताज्या बर्फात तर सुरेख चालतात, दोन वेळा टायर बदलण्याची कटकट वाचते. पण माझा रस्ता सपाट आहे आणि पहाटे मला निघावं लागत नाही, हेही सांगायला हवं.

धागालेखिका

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या प्रतिसादातला प्रश्न वाचून काल जाता-येता मुद्दाम थांबून पाहिलं. ताजा बर्फ महिन्यातून पाच-सहा दिवस. बाकी दिवस दबलेला. सावलीतल्या चार वळणांवर दुपारी वितळलेलं पाणी रस्त्यावर येतं आणि अंधार पडताच गोठतं. मी ज्या वळणावर घसरले ते त्यातलंच एक. म्हणजे काचेसारखा बर्फ थोड्याच जागी आहे, पण नेमका जिथे चुकून चालत नाही तिथे.

मग हिमकणाचं चिन्ह पुरेसं आहे ना? 'एम+एस' आणि ते चिन्ह यांत फरक काय, तेही कुणी सांगितलं तर बरं.

प्रतिसाद १

'एम+एस' म्हणजे चिखल आणि हिम. ते नक्षीच्या ठेवणीवरून उत्पादक स्वतः लिहितो, त्यासाठी बर्फावर चाचणी लागत नाही. तीन शिखरांच्या डोंगरातला हिमकण मात्र चाचणीनंतरच मिळतो. दबलेल्या बर्फावर त्या टायरची पकड एका ठरावीक प्रमाण-टायरशी ताडून पाहतात. हे चिन्ह १९९९ पासून आहे. जर्मनीत तर १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून फक्त हेच चिन्ह ग्राह्य धरतात, नुसतं 'एम+एस' चालत नाही.

पण नीट वाचा: चाचणी दबलेल्या बर्फावर होते. काचेसारख्या बर्फाबद्दल ते चिन्ह काहीच सांगत नाही. ऑल-टेरेनचं रबर दगडांवर कापू नये म्हणून कठीण ठेवलेलं असतं, गोटे मोठे आणि चिरा कमी. हिमकण मिळवूनही काचेवर ते खऱ्या हिवाळी टायरच्या मागेच राहतात. मड-टेरेन तर त्याहून मागे. खोल भुसभुशीत बर्फात ते उकरतील, पण तुमच्या सावलीतल्या वळणावर उकरायला काही नाहीच.

हिवाळी टायरांतही दोन घराणी आहेत. एक मध्य युरोपच्या धर्तीचं: ओला रस्ता, जास्त वेग, मधूनमधून बर्फ. दुसरं उत्तर युरोपच्या धर्तीचं: जास्त मऊ रबर, दाट चिरा, बर्फकाचेसाठीच घडवलेलं. तुम्हाला दुसरं हवं. युरोपीय लेबलवर १ मे २०२१ पासून बर्फकाचेवरच्या पकडीसाठी वेगळं चित्र आलंय, हिमकणाच्या शेजारी तेही आहे का पाहा. या टायरांचा तोटाही सांगतो: ओल्या डांबरावर ते पहिल्या घराण्यापेक्षा जास्त अंतर घेतात आणि उन्हाळ्यात लवकर झिजतात. बर्फ संपला की काढायलाच हवेत.

खिळ्यांचे टायर काचेवर सगळ्यांत सरस, विशेषतः शून्य अंशाच्या आसपास, जेव्हा वर पाण्याचा पातळ थर असतो. फार थंडीतला कोरडा बर्फ त्या मानाने कमी निसरडा. पण खिळ्यांना जर्मनीसारख्या देशांत बंदी आहे आणि फिनलंड, स्वीडन, नॉर्वेत हिवाळ्यात परवानगी. तुमच्या भागातला नियम आधी पाहा.

प्रतिसाद ४

रुंदीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. हिवाळ्यासाठी एक माप अरुंद घ्या. २४५/७० आर १७ चा व्यास तुमच्या २६५/६५ पेक्षा जेमतेम दीड मिलिमीटरने कमी, म्हणजे स्पीडोमीटर आणि गिअरिंग जवळपास तसंच राहतं. अरुंद टायर पातळ ताजा बर्फ आणि चिखलबर्फ कापून खाली उतरतो, रुंद त्यावर तरंगतो. मात्र भारांक तपासा: ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो, ११० म्हणजे १०६०. गाडीच्या पुस्तकात दिलेल्यापेक्षा खाली जाऊ नका, आणि हे माप तुमच्या रिमच्या रुंदीला चालतं का तेही विचारून घ्या.

जमलं तर लोखंडी रिमचा दुसरा संच घ्या आणि हिवाळी टायर त्यावरच कायमचे बसवा. दर मोसमात टायर रिमवरून उतरवले की कडा दुखावतात. संच असला की अर्ध्या तासात घरीच चाकं बदलता येतात.

हवा पहाटेच्या थंडीतच तपासा. २० अंशांच्या गॅरेजमध्ये ३४ पीएसआय भरलेला टायर उणे १० ला २९ च्या आसपास येतो. आणि ५ मिलिमीटर नक्षी ऐकायला ठीक वाटते, पण हिवाळी टायर ४ ला आला की त्याचा बर्फातला उपयोग संपत आला असं समजा. कायदा बऱ्याच ठिकाणी १.६ पर्यंत चालवतो. ती मर्यादा बर्फ डोळ्यांसमोर ठेवून आखलेली नाही.

धागालेखिका

हे सगळं नवऱ्यालाही वाचायला दिलं. मड-टेरेनचा विषय मिटला. एकच शंका उरली आहे. त्या उतारावर फोर-हाय ठेवणं चूक होतं का? मध्ये डिफरन्शियल नसल्याने गाडी वळायला कुरकुरते हे मला जाणवतं.

प्रतिसाद २

चूक नव्हतं. टू-व्हीलमध्ये पाय उचलला की इंजिनाचा रोध फक्त मागच्या चाकांवर येतो आणि मागचा भाग सुटू शकतो. फोर-हायमध्ये तो चारही चाकांत वाटला जातो. पण वळणात पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं, आणि शाफ्ट जखडलेले असल्याने पुढची चाकं थोडी घसरूनच वळतात. त्यात ब्रेक दाबला की त्यांच्याकडे वळायला काही उरत नाही. म्हणून ब्रेकचं काम वळणाआधी, सरळ रस्त्यावर संपवा. उतार सुरू होण्याआधीच दुसरा गिअर टाका, वळणात पाय ब्रेकवर नको. कोरडा डांबरी पट्टा आला की फोर-हाय काढा.

आणि नवे टायर बसवल्यावर पहिले काही शे किलोमीटर जपून चालवा. पहिल्याच पहाटे घाटात त्यांची परीक्षा घेऊ नका. मोकळ्या, सपाट, रिकाम्या जागी २० च्या वेगाने ब्रेक मारून बघा, म्हणजे किती अंतर लागतं ते पायाला कळेल.

धागालेखिका

ठरलं. उत्तरेकडच्या धर्तीचे, बिनखिळ्यांचे, २४५/७० आर १७, चार नग, लोखंडी रिमवर. भारांक पुस्तकाशी ताडून पाहिला, जुळतो. जुने ऑल-टेरेन उन्हाळ्यासाठी धुऊन अंधाऱ्या, थंड जागी ठेवणार. पुढच्या आठवड्यात बसवून घेते. चारही नव्या टायरांच्या बनावटीचा आठवडा तिथेच, बसवण्याआधी वाचून घेईन. मग मोकळ्या जागी २० वर ब्रेक मारून किती पावलं लागली ते मोजून इथेच लिहिते, आधी जुन्या टायरांवर, मग नव्यांवर.